बंदुकीचा बार आणि माणसाचा कान

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

अब्बांशी बोलायचं तर त्यांच्या उजव्या बाजूला बसायचं, असा आमच्या घरात रिवाज होता. तो कुणी घालून दिला नव्हता, आम्ही भावंडं आपोआप तसे बसत असू. आई भात वाढताना उजवीकडे येऊन विचारायची, पाहुणे आले तर त्यांची खुर्ची उजवीकडे ठेवली जायची. डावीकडून कितीही हाका मारा, अब्बा आपले समोरच्या माडाकडे बघत राहायचे.

अब्बांकडे शेतीच्या राखणीच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. कोकणात भात पोटरीला आलं की रानडुकरांचा उपद्रव सुरू होतो. अब्बा रात्री माळ्यावर बसत आणि खालच्या खाचरात खसफस झाली की आभाळाकडे बार काढत. डुक्कर मारायचं नसे, पळवायचं असे. वीस-पंचवीस पावसाळे त्यांनी हे केलं. आमचं भात वाचलं, त्यांचा डावा कान गेला.

डावाच का गेला, हे मला फार उशिरा कळलं. उजव्या खांद्याला बंदूक लावणारा माणूस मान किंचित वळवून नेम धरतो. त्यामुळे डावा कान नळीच्या तोंडाकडे होतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो. आवाजाचा पहिला तडाखा डावा कान खातो. त्यातही आधी जातात ते बारीक, वरच्या पट्टीचे आवाज. बोलण्यातले स, श, फ हे वर्ण त्यातलेच. माझी पहिली कविता छापून आली तेव्हा मी ती त्यांना वाचून दाखवली. त्यांनी मन लावून ऐकली आणि विचारलं, ‘पाऊल म्हणालास की पाऊस?’ कवितेत पाऊस होता.

आज मी बोलणार आहे बंदुकीच्या सायलेन्सरबद्दल. कवीने हा विषय का घ्यावा, असं श्रोत्यांना वाटेल, म्हणून ही पार्श्वभूमी आधी सांगितली. दुसरं निमित्त माझ्या भाच्याचं. तो स्कॉटलंडच्या उत्तर भागात वनीकरणाच्या कामावर आहे. तिथल्या डोंगरांवर लांडगे उरलेले नाहीत. तांबड्या हरणांना नैसर्गिक शत्रू नाही. त्यांची संख्या वाढते आणि नवी लावलेली रोपं ती कुरतडून टाकतात. म्हणून दरवर्षी ठरावीक हरणं मारावी लागतात. भाच्याने रीतसर प्रशिक्षण घेतलं, रायफलचा परवाना काढला. २०१८ च्या ऑक्टोबरात मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तो म्हणाला, ‘मामू, उद्या रायफलला सायलेन्सर घ्यायला जायचंय, येता का?’ मी अर्थातच गेलो.

सायलेन्सर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमा येतो. काळा कोट घातलेला खलनायक पिस्तुलाला नळकांडं लावतो, ‘फुस्स’ असा आवाज होतो, शेजारच्या खोलीत पत्ते खेळणाऱ्यांना पत्ताही लागत नाही. हे खोटं आहे. म्हणूनच जाणकार त्याला सायलेन्सर म्हणत नाहीत. इंग्लंड-स्कॉटलंडात ‘मॉडरेटर’ म्हणतात, अमेरिकेत ‘सप्रेसर’. आवाज नाहीसा करणारा नव्हे, दाबणारा.

तो कसा दाबला जातो, हे समजायला आपल्या स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर पुरेसा आहे. कुकरमध्ये वाफ कोंडली असताना कुणी झाकण एकदम उडवलं तर काय होईल? स्फोटच. तीच वाफ शिटीतून हळूहळू सोडली तर नुसतं फुसफुसणं होतं. बंदुकीत काडतुसातली दारू क्षणात जळते आणि तिचा प्रचंड दाबाचा तापलेला वायू होतो. तो गोळीला ढकलत नेतो. गोळी तोंडातून बाहेर पडली की तिच्या मागचा वायू एकदम मोकळा होतो. बार म्हणतो तो मुख्यतः या सुटलेल्या वायूचा आवाज.

सप्रेसर म्हणजे नळीच्या तोंडावर बसवलेली दुसरी जाड नळी. तिच्या आत एकामागे एक आडपडदे असतात, त्यांना बॅफल म्हणतात. प्रत्येक पडद्याच्या मधोमध गोळी जाईल एवढं भोक असतं. गोळी सरळ निघून जाते. वायू मात्र पडद्यांवर आपटतो, कप्प्याकप्प्यांत पसरतो, थंड होतो आणि दाब उतरल्यावर बाहेर येतो. आपल्या स्कूटरच्या सायलेन्सरमागचं तत्त्व हेच.

दोन्हींचा जन्मही एकाच घरातला म्हणता येईल. हायरम मॅक्सिम या गृहस्थांनी १८८४ च्या सुमारास आपोआप गोळ्या झाडणारी मशीनगन बनवली. ती ‘मॅक्सिम गन’ पुढे जगभर गाजली. आयुष्यभर तोफा-बंदुकांच्या आवाजात राहून हे गृहस्थ उतारवयात जवळजवळ बहिरे झाले. त्यांचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम. त्याला १९०९ साली अमेरिकेत बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट मिळालं. इंजिनांचा आवाज कमी करणारी साधनंही त्याने बनवली. शेजाऱ्यांना त्रास न देता नेमबाजीचा आनंद घेता यावा, असा त्याचा साधा हेतू होता. याच माणसाने १९१४ साली अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांची संघटना, अमेरिकन रेडिओ रिले लीग, स्थापन करण्यात पुढाकार घेतला. म्हणजे गोंगाट कमी करणारा आणि माणसाचा शब्द लांबवर पोहोचवणारा, असा तो एकच मनुष्य. बापाच्या बहिरेपणामुळे मुलाने हा शोध लावला असं मात्र कुठे म्हटलेलं नाही, आणि मीही म्हणणार नाही.

आता आवाज मोजण्याचं बघू. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. हे माप दुकानातल्या वजनासारखं सरळ चढत नाही. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, दहा वाढले की दहापट, तीस वाढले की हजारपट. आपल्या कानाला मात्र दहा डेसिबलचा फरक साधारण दुपटीएवढाच जाणवतो, म्हणून धोका किती वाढला ते कळत नाही. शिकारीच्या रायफलचा बार चालवणाऱ्याच्या कानाशी १६० डेसिबलच्या वर जातो. क्षणभराच्या अशा आवाजाला १४० ही धोक्याची रेघ मानतात. ब्रिटनमध्ये कामाच्या ठिकाणच्या आवाजाबद्दल २००५ सालचे नियम आहेत, त्यांतही शिखर-पातळीची मर्यादा १४० आहे. तुलनेसाठी, आपल्याकडच्या नियमात फटाक्याला चार मीटर अंतरावर १४५ डेसिबलपर्यंत शिखर-पातळीची मुभा आहे.

चांगला सप्रेसर वीस ते पस्तीस डेसिबल कमी करतो. १६५ मधून ३० गेले, १३५ उरले. रेघेच्या जेमतेम खाली. ही काही शांतता नव्हे. पण ऊर्जेच्या हिशेबात हजार भागांतला एक भाग उरला. आतल्या कानातल्या ज्या बारीक केसांच्या पेशी आवाज टिपतात, त्या माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. हा फरक त्यांच्या जगण्या-मरण्याचा आहे.

एकच बार पुरतो, याचं उदाहरण आपल्या वाचनातलं आहे. जिम कॉर्बेट यांच्या कानाशी एका सोबत्याने जड रायफल झाडली आणि त्यांच्या कानाचा पडदा फाटला. त्या कानात पू साचून ते जीव जाईल इतके आजारी पडले, आणि त्याच अवस्थेत १९२९ साली तल्ला देसच्या नरभक्षक वाघिणीच्या मागावर हिंडले. वाघिणीची गोष्ट सगळ्यांच्या लक्षात राहते. कानाची फारशी कुणाच्या राहत नाही.

तर आम्ही दुकानात गेलो. काचेच्या कपाटात पंधरा-वीस नळकांडी मांडलेली होती. भाच्याने सरळ विचारलं, ‘यातला सगळ्यात कमी आवाजाचा कुठला?’ काउंटरमागचे गृहस्थ सत्तरीचे असावेत. ते हसले आणि त्यांनी उलट प्रश्न विचारायला सुरुवात केली. आमच्या गावचा जुना वैद्य असाच होता. औषध मागितलं की आधी झोप, भूक, पोट विचारायचा.

पहिला प्रश्न, रायफल कुठल्या काडतुसाची? भाच्याची .३०८ ची. तिची गोळी सुमारे पावणेआठ मिलिमीटर जाडीची. सप्रेसरचं भोक गोळीपेक्षा मोठंच हवं, नाहीतर गोळी पडद्याला घासेल आणि सगळंच फुटेल. मोठ्या भोकाचा सप्रेसर लहान गोळीच्या रायफलला चालू शकतो, फक्त फटीतून थोडा जास्त वायू निसटतो आणि आवाज किंचित वाढतो. उलटं मात्र कधीही करायचं नाही. नुसती जाडी जुळूनही भागत नाही. कुठल्या काडतुसाचा दाब आणि किती आखूड नळी त्याला सोसते, हे बनवणाऱ्याने लिहून दिलेलं असतं. नळी जितकी आखूड तितका तोंडाशी दाब जास्त.

दुसरा प्रश्न, नळीच्या तोंडाला आटे कुठले? नळाची तोटी बदलताना आपण अर्धा इंच की पाऊण इंच विचारतो, तसंच. युरोपातल्या रायफलींना १४, १५ किंवा १८ मिलिमीटरचे आटे आढळतात, अमेरिकेतल्या इंचाच्या मापाचे असतात. आटे नळीच्या भोकाशी अगदी एका रेषेत कापलेले हवेत. तिथे केसाएवढा तिरकसपणा असला तर नळकांड्याच्या दुसऱ्या टोकाला तो वाढतो आणि गोळी पडद्याला लागते. म्हणून हे काम अनुभवी कारागिराचंच. ओळखीचा लेथवाला इथे चालत नाही.

तिसरा प्रश्न, रायफल घेऊन किती चालता? भाचा दिवसभर चढउतार करतो. नळीच्या पुढे वीस सेंटिमीटर लांबी आणि अर्धा किलो वजन वाढलं तर रायफल नाकावर झुकते, झुडपात अडकते. यासाठी दुसरा एक प्रकार असतो. त्याचा मागचा भाग नळीवर पाठीमागे ओढून घेतलेला असतो, त्यामुळे पुढे लांबी कमी वाढते आणि वजन हाताजवळ राहतं. पण तो जाड असतो आणि नळीची जाडी त्याच्या आत बसते की नाही हे पाहावं लागतं.

चौथा प्रश्न, एका वेळी किती गोळ्या झाडता? हरणाच्या शिकारीत एक, फार तर दोन. मैदानावर सराव करणारा तासाभरात पन्नास झाडतो. ॲल्युमिनिअम हलकं आणि स्वस्त, पण सतत तापलं तर ताकद गमावतं. पोलाद दणकट, पण जड. टायटेनिअम हलकं आणि मजबूत, पण खिसा रिकामा करणारं. शिकाऱ्याला पोलादाचं ओझं वाहण्याची गरज नसते, सराव करणाऱ्याला ॲल्युमिनिअमची काटकसर महागात पडते.

पाचवा प्रश्न, साफसफाई करणार का? .२२ च्या छोट्या रायफलीची शिशाची गोळी आत मळ साठवते, म्हणून तिचा सप्रेसर उघडता येणारा असलेला बरा. मोठ्या काडतुसांत हा त्रास कमी. पण ओल सगळ्यांनाच असते. दारूच्या वायूत पाण्याची वाफ असते आणि स्कॉटलंडात पाऊस आपल्यासारखाच पाचवीला पुजलेला. सप्रेसर तसाच लावून रायफल कपाटात ठेवली तर ओल आणि काजळी मिळून नळीचं तोंड गंजवतात. घरी आलं की काढायचा, पुसायचा, उभा करून कोरडा होऊ द्यायचा.

एवढं झाल्यावर त्यांनी डेसिबलचा विषय काढला आणि सांगितलं, की डब्यावरच्या एका आकड्यावर जाऊ नका. कुणी नळीच्या तोंडाशेजारी मोजतो, कुणी चालवणाऱ्याच्या कानाशी. कुणाची नळी लांब, कुणाची आखूड. शिवाय बाराचा आवाज इतका क्षणिक असतो की साध्या यंत्राला तो पकडताच येत नाही. एकाच रायफलवर, एकाच यंत्राने, एकाच जागी मोजलेले आकडे असतील तरच ते शेजारी-शेजारी ठेवायचे. मला हे फार पटलं. आपण मिक्सर घेतानाही वॉटचा आकडा बघतो आणि वाटण कसं होतं ते विचारतच नाही.

भाच्याने शेवटी मधल्या किमतीचा, मागे ओढलेला प्रकार घेतला. तिथल्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे सप्रेसरची नोंदही परवान्यावर लागत होती. ती त्याने आधीच करून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी नेम बसवायला मोकळ्या जागी गेलो. माझ्या कानांवर जाड इअरमफ होते. आधी त्याने सप्रेसरशिवाय एक गोळी झाडली. इअरमफ असूनही तो बार माझ्या छातीत वाजला आणि मला एकदम आमचा माळा आठवला. मग सप्रेसर लावून झाडली. छातीतलं ते ढकलणं नव्हतं. खांद्याला बसणारा धक्काही कमी झाल्याचं भाचा म्हणाला. हे महत्त्वाचं आहे. धक्क्याच्या आणि आवाजाच्या धास्तीने माणूस चाप ओढताना दचकतो, नेम हलतो आणि जनावर जखमी होऊन तडफडतं. निशाणावर पाहिलं तर गोळी आधीपेक्षा दोन बोटं खाली लागली होती. नळीच्या टोकाला वजन टांगलं की असा फरक पडतोच. म्हणून सप्रेसर लावूनच नेम बसवायचा आणि दर वेळी तो पूर्ण आवळलेला आहे हे हाताने तपासायचं.

तिसऱ्या दिवशी डोंगरावर गेलो. ऑक्टोबर हा तिथल्या नरांचा माजाचा काळ. धुक्यातून त्यांचं ओरडणं येत होतं. भाचा आणि त्याचे वरिष्ठ पुढे सरपटत गेले, मी मागे दगडाआड थांबलो. गोळी सुटली तेव्हा फटका ओढल्यासारखा ‘चट्ट’ असा कोरडा आवाज दरीत घुमला. हा आवाज बाराचा नव्हता. गोळी आवाजाच्या वेगाहून जोरात जाते तेव्हा हवा फाडत जाते, त्याचा तो तडाखा. तो नळीच्या बाहेर, गोळीच्या वाटेवर जन्मतो, म्हणून कुठलाही सप्रेसर तो थांबवू शकत नाही. हळू जाणारी काडतुसं मिळतात, पण त्यांची मारक शक्ती कमी. स्कॉटलंडच्या कायद्यात हरणासाठी गोळीचा वेग सेकंदाला किमान २४५० फूट लागतो, म्हणजे आवाजाच्या दुपटीहून जास्त. जनावराला एका गोळीत मरण यावं, हा त्यामागचा विचार. सिनेमातली ती ‘फुस्स’ इथे कायद्यातही बसत नाही.

आणि म्हणूनच सप्रेसर लावूनही भाच्याचे वरिष्ठ कानांना संरक्षण घालतात. त्यांचे इअरमफ विजेवर चालणारे होते. हलकी कुजबुज ते मोठी करून ऐकवतात आणि बाराच्या क्षणी आवाज अडवतात. त्यांनी मला सांगितलं, की त्यांच्या वडिलांच्या पिढीत कुणी कान झाकत नसे, आणि म्हातारपणी ते सगळे टीव्ही मोठ्याने लावत. मी म्हटलं, आमच्याकडे रेडिओ.

कायद्याचं एक सांगणं आवश्यक आहे. देशोदेशी याबद्दल वेगवेगळी दृष्टी आहे. अमेरिकेत १९३४ सालच्या कायद्याने सायलेन्सरवर २०० डॉलर कर आणि नोंदणी लादली गेली. १ जानेवारी २०२६ पासून तो कर शून्यावर आला, नोंदणी राहिली. जर्मनीने २०२० साली परवानाधारक शिकाऱ्यांना रायफलसाठी त्याची मुभा दिली. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार संपली, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याने बंदुकीचा आवाज कमी करणारं साधन बंदुकीच्या व्याख्येतच घातलं आहे. म्हणजे ते नुसतं जवळ बाळगणं हेही बंदूक बाळगण्यासारखंच. ऐकणाऱ्यांपैकी कुणाला ते घ्यायचं नाही, हे मला माहीत आहे. पण कान सगळ्यांना आहेत.

गावी परतल्यावर मी अब्बांच्या उजव्या बाजूला बसलो आणि हे सगळं त्यांना सांगितलं. ते तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. कुकरचं उदाहरण त्यांना लगेच कळलं. थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, ‘म्हणजे बार काढला तरी आवाज नाही? मग डुक्कर पळणार कसं?’

मी हसलो, पण त्यांचं बरोबर होतं. भाच्याला आवाज नको होता, अब्बांना आवाजच हवा होता. त्यांच्या बंदुकीला सप्रेसर लावून काही उपयोग नव्हता. त्यांना हवे होते कापसाचे दोन बोळे, तेही नाही तर कानात घट्ट दाबलेलं निदान एक बोट. खरं तर बोळ्यांनी फार काही अडत नाही, फोमचे इअरप्लग हवेत, आणि ते आज औषधाच्या दुकानात चहाच्या किमतीत मिळतात. पण वीस-पंचवीस पावसाळ्यांत त्यांना हे सांगणारं कुणी भेटलं नाही. माळ्यावर कधीमधी मीही त्यांच्या डाव्या बाजूला बसलेला असे. बार निघायच्या आधी ते मला म्हणत, ‘कान दाब.’ मी दोन्ही हातांनी दाबत असे. त्यांचे दोन्ही हात बंदुकीला लागलेले असत.

अब्बा आता नाहीत. मी मात्र पन्नाशी ओलांडूनही ‘पाऊस’ आणि ‘पाऊल’ यांतला फरक नीट ऐकू शकतो. दिवाळीत शेजारची मुलं सुतळी बॉम्ब लावायला निघाली की मी अंगणात जातो आणि अब्बा म्हणत तेच त्यांना म्हणतो.